लॅपटॉपात ठेवलेला क्लारनेट

नाटकासाठी कुठला लॅपटॉप घ्यावा, हे विचारायला लोक मला फोन करतात. एरवी मला फारसे फोन येत नाहीत. बायको मुलीकडे नागपूरला असते. आठवड्यातून एकदा तिचा येतो. "जेवलात का," ती विचारते, मी "हो" म्हणतो, आणि मग दोघंही फोन ठेवायची वाट पाहतो. पण लॅपटॉपाचं कोणी विचारलं की मी अर्धा अर्धा तास बोलतो. समोरच्याला कंटाळा येईपर्यंत बोलतो.

सांगतो ते साधारण असं. नवा चकचकीत घेऊ नका. मोठ्या ऑफिसातून निघालेला, जाड, काळा, बिनचमकीच्या पडद्याचा घ्या. आतली डिस्क फिरणारी नको, स्टेजवर ढोल वाजला की फळ्या थरथरतात आणि ती अडखळते. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंत किती उशीर होतो ते दुकानातच बघा, त्यासाठी आपला कीबोर्ड सोबत न्या, दुकानदार हसला तर हसू द्या. बॅटरी अशी हवी की गावची लाइन गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंत तुमचं गाणं थांबू नये. घरी आणल्यावर नेट बंद, अपडेट बंद, फोटो, सिनेमे, गेम काही ठेवायचं नाही. मशीन एकाच कामाचं असावं. हंगाम संपला की मागचं झाकण उघडून पंखा साफ करा. राजुऱ्याच्या कोळसा खाणींकडचे प्रयोग जास्त झाले असतील तर काळी भुकटी निघते, धानाच्या गावांतून आला असाल तर पिवळा कोंडा. पंखा बघून मी कुठे कुठे फिरलो ते सांगू शकतो.

आणि प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत ठेवा. वेगळ्या हार्डडिस्कवर, वेगळ्या पिशवीत. दोन्ही एकाच पिशवीत असतील तर प्रत असून नसल्यासारखी.

इतकं मी सांगतो. त्या मशीनमध्ये मी काय भरलं आणि कुठून आणलं, हे कोणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही. आज सांगणार आहे.

आमच्या झाडीपट्टीच्या भागात दिवाळीनंतर धान घरात आलं की गावोगाव शंकरपट भरतो. बैलांच्या जोड्या पळतात, घरोघर पाहुणे येतात, आणि पाहुण्यांसाठी गावात नाटक ठेवतात. होळीच्या आसपास हंगाम संपतो. मी अशाच एका नाटक मंडळीत ऑर्गन वाजवायला लागलो, तेव्हा मिशी नुकती फुटली होती. ऑर्गनवाल्याला मास्तर म्हणतात. त्यामुळे मी शाळेत कधी न शिकवता मास्तर झालो.

स्टेजच्या पुढ्यात, प्रेक्षकांच्या पायाशी, आम्हा संगीतवाल्यांची सतरंजी असायची. पाच जण बसायचो. मधे मी, उजवीकडे तबला, त्याच्यामागे ऑक्टोपॅड, एका कडेला झांजा वाजवणारा, आणि माझ्या डाव्या हाताला क्लारनेटवाले भाऊ. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. धानोऱ्याच्या रस्त्यावर त्यांचं गाव, थोडी धानाची शेती, उन्हाळ्यात लग्नाच्या बँडमध्ये वाजवत. नाटकात त्यांचं काम मोजकं असायचं. बहीण सासरी निघाली, म्हातारा बाप दारात उभा राहिला, नायक गाव सोडून चालला, की भाऊ क्लारनेट ओठाला लावत. बायका पदर डोळ्याला लावायच्या तो माझ्या ऑर्गनमुळे नव्हे, हे मला पहिल्या हंगामातच कळलं होतं.

त्यांचा क्लारनेट जुना होता. एका जागी लाकडाला चीर गेलेली, तिच्यावर दोरा गुंडाळून मेण लावलेलं. थंडीच्या दिवसांत वाजवायच्या आधी ते तो सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून बसायचे.

"भाऊ, पोर झोपवून राह्यले का?" तबलेवाला विचारायचा.

"लाकूडच हाय बाप्पा. त्यालेबी थंडी वाजते."

वाजवणं झालं की एका जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात क्लारनेट गुंडाळून ठेवायचे. प्लास्टिकमध्ये कधी नाही. प्लास्टिक आत घाम धरतं, सुती कापड दव पिऊन घेतं, असं त्यांचं म्हणणं. आज मी लोकांना सांगतो की उघड्यावर लॅपटॉप झाकायला प्लास्टिक वापरू नका, सुती कापड वापरा. लोकांना वाटतं मी कुठे वाचलं असेल.

पहिला लॅपटॉप मी आणला तेव्हा सगळ्या मंडळीला मजा वाटली. "मास्तरनं दुसरी बायको केली," ऑक्टोपॅडवाला म्हणाला. "हे तरी बोलते का मास्तरसंगं?" भाऊ मात्र माझ्याशेजारी बसून बघायचे. मी एक पट्टी दाबून दहा व्हायोलिन वाजवले तर हळूच म्हणाले, "दहा जनं एकाच वक्ताले कसे चुकत नाई रे?" मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

लॅपटॉपात सगळी वाद्यं होती. क्लारनेटही होता, पण तो कुठल्या तरी थंड देशातला. स्वच्छ, गोल, कोणाच्याही घरचा नसलेला. आमच्या नाटकात तो वाजवला की बहीण सासरी न जाता दवाखान्यात चालली आहे असं वाटायचं. मग मला कळलं की स्वतःचे आवाज भरता येतात. एकेक सूर वेगळा रेकॉर्ड करायचा, कापायचा, त्या त्या पट्टीला बांधायचा.

पाऊस ओसरला होता, धान उभं होतं, हंगामाला महिनाभर अवकाश होता. मी माइक घेऊन भाऊंच्या गावी गेलो. दुपारची वेळ. म्हटलं, "भाऊ, तुमचे सूर भरून घेतो. सरावासाठी. तुम्ही तालमीला नसले की गायकांना सूर द्यायला बरं पडेल."

"तं असं म्हन ना. बस."

त्यांनी आतली खोली बंद केली, पंखा बंद केला, भिंतीला चादरी लावल्या. बाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, परात आणि भांडी बाहेर नेऊन ठेवली, खणखण नको म्हणून. मी एकेक सूर मागत गेलो आणि ते देत गेले. खालच्या षड्जापासून वर तीन सप्तकं, सदतीस सूर, प्रत्येक सूर श्वास संपेपर्यंत. घामाने त्यांचा सदरा ओला झाला होता. मधे एका कोमल निषादाच्या शेपटीला बाहेरची कोंबडी ओरडली. भाऊ म्हणाले, "पुन्हा घेऊ?" त्यांचा चेहरा लाल झालेला पाहून मी म्हटलं, "राहू द्या, कापून टाकतो." ती कोंबडी मला कधीच नीट कापता आली नाही. कापली तर सूर तुटायचा. म्हणून तो निषाद मी नेहमी आखूड दाबत आलो.

घरी येऊन मी प्रत्येक सुराआधीचा श्वास कापला. तसंच करायचं असतं, नाहीतर पट्टी दाबली की आधी श्वास ऐकू येतो आणि सूर उशिरा पडतो. सदतीस श्वास कापायला तीन दिवस लागले.

आता जे सांगायचं ते दोन शब्दांचं आहे.

हंगामाच्या आधी मंडळीचे मालक गाडीत सामान कसं बसेल ते बघत होते. पडदे वर टपावर, नट आत. माझा लॅपटॉप, त्याची वीज सांभाळायचा जड डबा, मिक्सर, कीबोर्ड हे टपावर जाणार नव्हतं. मालक डोकं खाजवत म्हणाले, "मास्तर, एक सीट कमी पडून राह्यली. तुझ्या पेटीत क्लारनेट वाजते म्हनतात. मंग मानूस पायजेच का?"

मी "नाही लागत" म्हणालो.

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलंही नाही. मी विचार करून बोललो असंही नाही. त्या क्षणी मला फक्त एवढंच हवं होतं की माझं मशीन टपावर जाऊ नये. वर खडखडेल, धूळ बसेल, एवढंच डोक्यात होतं. भाऊंची जागा खिडकीची होती. तिथे लॅपटॉपची बॅग बसली, आणि ती हलू नये म्हणून मी तिला सीटबेल्ट लावला.

भाऊंना सांगायला मीच गेलो. म्हणालो, "मालक म्हणते, गाडीत जागा नाही. यंदा तुमच्याशिवाय करू." हे खोटं नव्हतं. मालक म्हणालेच होते. मी काय म्हणालो ते तेवढं मी गाळलं.

भाऊ अंगणात बसून धानाच्या पेंढ्या बांधायचे दोर वळत होते. हात थांबले नाहीत. "मालक तरी काय करन. गाडी लहान हाय." मग उठून आत गेले आणि लुगड्याचा तो तुकडा घेऊन आले. "हे ने. तुझ्या मशीनले लागन. मले आता घरीच ठेवाचा हाय, घरी कुठी दव पडते?"

मी घेतला.

पुढे अकरा वर्षं मी त्या कापडाने लॅपटॉप झाकला, आणि अकरा वर्षं भाऊ माझ्या डाव्या हाताखाली वाजत राहिले. भामरागडकडे वाजले, पोंभुर्ण्याकडे वाजले. फक्त धानोऱ्याच्या रस्त्यावरच्या गावांत वाजले नाहीत. तिथे प्रयोग असला की मी आधीच क्लारनेट बदलून बासरी लावून ठेवायचो. त्यासाठी एक वेगळी फाइलच करून ठेवली होती. कोणी विचारलं तर सांगायचो, "क्लारनेटची फाइल बिघडली आहे." माझ्या मशीनमधली एकही फाइल कधी बिघडली नाही. ते मशीन माझ्याहून इमानदार होतं, आणि मी त्याच्यावर आळ घेत होतो.

भाऊ एक-दोनदा नाटकाला आले. गर्दीत मागे उभे राहायचे, संपल्यावर भेटायचे. "बासरी चांगली वाटली," म्हणायचे. एकदा म्हणाले, "पन त्या बहिनीच्या जागी बासरी पोचत नाई रे मास्तर." मी म्हटलं, "हो ना."

दरम्यान झांजा गेल्या. मग ऑक्टोपॅड गेलं. मग तबलाही गेला, त्याचे बोल मी आधीच बांधून ठेवायला लागलो. त्यांच्याबद्दल मला कोणी विचारलं नाही. एकदा विचारायची गरज नाही हे मालकांना कळलं की ते पुन्हा विचारत नाहीत. सतरंजी तेवढीच राहिली. पाच जणांची. मी मधे बसतो आणि दोन्ही बाजूंना ती रिकामी पसरलेली असते. चुकलं तर शेजारी कोणी हसत नाही. चांगलं वाजलं तरी कोणी मान हलवत नाही. नटांना वाटतं मला असंच आवडतं, कारण मी बोलत नाही. पूर्वीही बोलत नव्हतो, पण तेव्हा चौघं माझ्या वाट्याचंही बोलायचे.

मागच्या वर्षी पावसाळ्यात जुना लॅपटॉप थकला. बिजागरी सुटली, बॅटरी फुगून पट्ट्या वर आल्या. मी नागपूरला जाऊन नवा पाहिला, म्हणजे जुनाच, पण माझ्यासाठी नवा. सगळे आवाज त्यात उतरवले, एक प्रत हार्डडिस्कवर घेतली, मग जुना पुसून टाकला. नव्यात जागा भरपूर होती. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की भाऊंचे सूर मी एकाच जोराने घेतले होते. पट्टी हळू दाबली तरी तेच, जोरात दाबली तरी तेच. हळुवार सूर मी घेतलेच नव्हते. आता जागा आहे, तर घेऊन यावेत.

हे लिहिताना लाज वाटते, पण मी त्या दिवशी माफी मागायला गेलो नव्हतो. मी उरलेले सूर आणायला गेलो होतो.

भाद्रपद सरत आला होता. भाऊ अंगणातल्या बाजेवर बसले होते. समोरचे दोन दात गेलेले, गालफडं आत गेलेली. मला पाहून हसले.

"काऊन रे मास्तर, वाट चुकला का?"

"नाही भाऊ. सूर घ्यायला आलो. मागे घेतले होते ना, तसेच. फक्त हळू."

"हळूच निघन आता. जोरात मागितले असते तं पंचाईत होती."

बाईंनी क्लारनेटची पेटी आणली. त्यांनीच ती दर आठवड्याला उघडून पुसलेली दिसत होती, कारण दोऱ्यावरचं मेण ताजं होतं. भाऊंनी क्लारनेट सदऱ्यात धरला, थंडी नसताना. मग ओठाला लावला. दात नसल्यामुळे पकड बसेना. वारा कडेने निघून जाई. तीन-चारदा केलं. एक सूर लागला, कापरा, आणि लगेच सुटला. बाई आत निघून गेल्या. मला वाटतं त्यांना ते पाहायचं नव्हतं.

भाऊंनी क्लारनेट मांडीवर ठेवला. "जुने हायत ना? ते लाव. आयकू तरी दे, कसे घेतले होते."

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. मी बाजेवर लॅपटॉप उघडला, छोटा कीबोर्ड आणि स्पीकर जोडला, आणि सवयीने, हो, सवयीनेच, बहीण सासरी जातानाची ती धून वाजवली. अकरा वर्षं बोटांना तीच येत होती.

भाऊंची बोटं मांडीवरच्या क्लारनेटवर हलायला लागली. भोकांवर पडत, उठत. मग थांबली. ते ऐकत राहिले. धून संपल्यावर म्हणाले, "हा श्वास कवा घेते?"

"काय?"

"हा मानूस. एवढं वाजवलं, श्वासच नाई घेतला."

मी म्हटलं, "ते कापावं लागते, भाऊ."

"हं." त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं. "सरावासाठी एवढं कापते का?"

त्यांनी आवाज चढवला नव्हता. कापूस कुठला आणला असं विचारावं तसं विचारलं. माझ्याकडे तेव्हाही एक खोटं तयार होतं, मला ते तोंडात जाणवलं. पण समोर ती बोटं क्लारनेटवर तशीच ठेवलेली होती, सूर धरून. मी सांगितलं. सरावासाठी नव्हतं. नाटकात वाजवतो, पहिल्या हंगामापासून. तुमच्या इकडे वाजवत नाही, तिकडे सगळीकडे वाजवतो. आणि मालकांनी तुम्हाला काढलं नाही. त्यांनी मला विचारलं, माणूस पाहिजे का. मी नाही म्हणालो.

भाऊ अंगणाच्या कडेला बघत होते. तिथे कोंबड्या माती उकरत होत्या.

"गाडी लहान होती, नाई?" ते म्हणाले.

"लहान होती. पण मी म्हटलं असतं तर माझा विजेचा डबा टपावर गेला असता."

"गेला असता."

मग म्हणाले, "काढ ते."

"भाऊ..."

"एकेक वाजव, अन् मंग काढ. मले आयकू दे."

मी खालच्या षड्जापासून सुरू केलं. पट्टी दाबायचो, सूर वाजायचा, श्वास संपेपर्यंत. ते मान हलवायचे. मी तो पुसायचो, मशीन विचारायचं की खरंच पुसायचा का, मी हो म्हणायचो. मग पुढचा. एका ऋषभाला ते म्हणाले, "हा बरा होता." पुसला. वरच्या सप्तकातल्या गंधाराला म्हणाले, "हा फाटला होता, तू काऊन ठेवला?" पुसला. मग तो निषाद आला. मी पहिल्यांदा तो पूर्ण सोडला, शेवटपर्यंत, आणि शेवटी कोंबडी ओरडली.

भाऊ हसले. दात नसलेलं, सगळं तोंड भरून. "ही तं आपली लाल कोंबडी. अगं, आयक ना, लाल कोंबडी हाय यात." आतून बाईंनी भांडं ठेवल्याचा आवाज आला. "सगळ्या झाडीपट्टीत फिरवून आनली तू इले. विचारलं होतं का तिले?"

मीही हसलो. हसू संपलं तेव्हा ते माझ्याकडे बघत होते.

"हेबी काढ."

सदतीस झाले तेव्हा ऊन उतरलं होतं. भाऊंनी विचारलं, "आखीन कुठी हाय का हे?"

मी म्हटलं, "नाही. एवढंच."

माझ्या तोंडून ते इतक्या सहज गेलं, जसं "नाही लागत" गेलं होतं. सगळं सांगून झाल्यावर. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. हार्डडिस्क घरी होती, दुसऱ्या पिशवीत, जशी मी सगळ्यांना ठेवायला सांगतो तशी.

"मंग जा," भाऊ म्हणाले. "दव पडाच्या आत पोच. मशीन भिजन."

त्या दिवशी त्यांनी चहा विचारला नाही. त्या घरात माझ्या बाबतीत असं कधी झालं नव्हतं.

हंगाम सुरू झाला. हार्डडिस्क मी एका स्टीलच्या डब्यात ठेवली होती, ओल धरू नये म्हणून तांदूळ टाकून. ती जोडायला दोन मिनिटं पुरली असती. भाऊंना कळलंही नसतं. मी जोडली नाही, पण पुसलीही नाही. दर आठ-दहा दिवसांनी डबा उघडून बघायचो, आहे का. बहिणीच्या प्रसंगाला मी काहीच वाजवायचो नाही. पहिल्या तालमीला ती बहीण करणारी नटी थांबली, माझ्याकडे बघितलं. "मास्तर, विसरले का?" मी म्हटलं, "नाही. तिथे काही नाही आता." ती बिचारी तशीच चालत गेली, तिच्या चपलांचा आवाज ऐकू आला. चार प्रयोगांनंतर तिला सवय झाली. मला नाही झाली. त्या जागेला माझा डावा हात अजून पट्टीपर्यंत जातो.

चैत्रात मी पुन्हा गेलो. सकाळचे नऊ वाजले असतील. भाऊ आणि बाई मोहाची फुलं वेचून नुकतेच परतले होते आणि अंगणात ती वाळायला पसरत होते. सगळ्या घराला तो गोड, जड वास. भाऊंनी पाहिलं आणि फुलं पसरत राहिले.

मी कापडाची गुंडाळी पुढे केली. लुगड्याचा तोच तुकडा, त्यात डिस्क.

"हे काय?"

"तुमचे सूर. सदतीसही. त्या दिवशी मी नाही म्हणालो, पण होते. घरी होते. आता दुसरीकडे कुठे नाहीत."

"खरं?"

"खरं."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांचा विश्वास बसला का, मला सांगता येणार नाही. बसायला काही कारण नव्हतं. हात धोतराला पुसून त्यांनी डिस्क घेतली, उलटसुलट केली, कानाशी नेली.

"असंच वाजत नाई ना हे?"

"नाही. मशीन लागते."

"मंग बरं हाय."

बाईंना त्यांनी पेटी आणायला सांगितली. क्लारनेटच्या शेजारी, जिथे पूर्वी ते मेणाची डबी ठेवत, तिथे एक खाच होती. डिस्क त्यात बसली नाही, थोडी वर राहिली. त्यांनी लुगड्याचा तुकडा वरून टाकला, झाकण दाबून बसवलं आणि कडी लावली.

"मोह पसरवाले लाग," ते म्हणाले. "नाईतं ऊन चढन."

मी बॅग ओट्यावर ठेवली आणि फुलं पसरायला बसलो. दुपारी बाईंनी काळा चहा आणला. तीन कप होते, मी मोजले.